माणशी अठरा इंच

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
हत्यारांची पूजा केली. या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू, नोंद असावी म्हणून: देव्हारा (सागवान, एकही खिळा नाही). चपलांचं कपाट. मोहनाचं अभ्यासाचं टेबल. पोळपाट (हलतो, ओटा सपाट नाही). जेवणाचं टेबल, ३६ बाय ३० इंच, चार माणसं. कुणाकडे शिकलो नाही.
मोहनाचा यंदा पहिला दिवाळसण. फेब्रुवारीत लग्न झालं तेव्हा हॉल, मांडव, जेवण, सगळं व्याह्यांनी ठरवलं. किरीटभाईंची वाघोडियाला फॅक्टरी आहे, त्यांना जमतं. मला एक खिळा ठोकायला मिळाला नाही. या पाडव्याला जावई कुणाल, मोहना, त्यांच्या घरचे सहा आणि आम्ही दोघं, एकूण दहा जण माझ्या घरी एका टेबलावर जेवणार. मोहना माझ्या उजव्या हाताला.
संकल्प: दहा दिवसांत टेबल मोठं करणे.

५ ऑक्टोबर, रविवार
किरीटभाईंना फोन. अकरा मिनिटं. टेबलाला दोन्ही बाजूंनी जोडायच्या फळ्या, म्हणजे पंख, बिजागऱ्या, सगळं समजावलं. ते म्हणाले, बेसता वर्षे तो आवीशुं ज ने! येणारच म्हणे. म्हणजे निमंत्रण पक्कं.
निरुपमा म्हणते, अहो, ते त्या दिवशी सगळ्यांकडेच जातात. गुजराती नवं वर्ष ते. घरटी दहा मिनिटं, साल मुबारक, तोंडात मुखवास, की पुढचं घर. चोपन्न वर्षं बडोद्यात काढलीत ना? जेवायला या, असं म्हणालात का?
दहा माणसांच्या टेबलाबद्दल अकरा मिनिटं ऐकल्यावर माणूस दुसरं काय समजेल? तरी उद्या स्पष्ट सांगतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार. रात्री जेवताना.
मोठा शोध. इंटरनेटवर माणशी २४ इंच लिहिलंय. पण ते काटा-चमचावाल्यांचं. आपण एका हातानं जेवतो, डावं कोपर रिकामंच. म्हणजे माणशी १८ पुरे. निरुपमाला सांगितलं. तिनं भात वाढला.
किरीटभाईंना सांगायचं राहिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
पंख तयार. ३६ + १८ + १८ = ७२. दोन्ही बाजूंना चार-चार, टोकांना एकेक. दहा. गणित चोख.
हॉल मात्र दहा फूट बाय नऊ. टेबल उघडलं की फ्रिज उघडत नाही. फ्रिज आदल्या दिवशी उघडून घेणे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
रंगीत तालीम. सोफा बेडरूममध्ये उभा केला. समोरच्या विश्वंभरकडून सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. रुंदी प्रत्येकी २१ इंच. हा खुर्च्यांचा दोष. एकीचा हात दुसरीच्या हातावर चढवला तर बसतात.
विश्वंभर भिंतीकडच्या खुर्चीत बसला. उठता येईना. म्हणाला, नारायणराव, इथं बसणाऱ्याची देवदिवाळीसुद्धा इथंच होणार. टेबलाखालून निघाला. त्याचं पोट प्रमाणाबाहेर आहे.
निरुपमा म्हणाली, सरळ खाली पंगत मांडा. किरीटभाईंचा गुडघा बदललेला आहे, याची तिला आठवण दिली. ती म्हणाली, मग त्यांना एकट्याला खुर्ची द्या. हिला पहिल्यापासून एकत्रपणाचं महत्त्व नाही.
निर्णय: क्रमांकाने बसणे. एक ते चार आधी आत. श्रीखंड संपेपर्यंत कोणी उठणार नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.
किरीटभाईंना फोन केला नाही. सणासुदीला लोक कामात असतात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
पंख उघडून ठेवले. उजवा आता मिटत नाही. मिटायची गरजही नाही.
निरुपमा चार वाजल्यापासून चक्का फेटतेय. हाक मारली की आणखी जोरात फेटते. एकाग्रता.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.
सकाळी ९. दहा पानं मांडली. रांगोळी टेबलावरच, खाली जागा नाही. फार देखणं दिसतंय. जेवण साडेबारा.
१०.४०. बेल. दार अर्धंच उघडलं, खुर्ची क्रमांक दहाला अडकलं. जिन्यात किरीटभाई, मागे सगळे. साल मुबारक, नारायणभाई! मी म्हटलं, या, एक ते चार आधी. ते हसले. म्हणाले, हजु तेर घर बाकी छे. अजून तेरा घरं. जिन्यातच उभे राहिले. निरुपमानं टेबलावरून वाकून डबा पुढे केला, प्रत्येकानं एकेक चकली घेतली. कुणाल दारातूनच पाया पडला. त्याचा हात माझ्या पायापर्यंत पोचला नाही. अंतर साधारण अकरा इंच.
मोहना मात्र आत आली. पैठणीत, टेबलाखालून, आईकडे स्वयंपाकघरात. दोघी काय बोलल्या ऐकू आलं नाही. येताना पुन्हा खालूनच. डोक्याला पंखाची कड लागली. मी तिची खुर्ची ओढली. मागे भिंत असल्यामुळे तीन इंचच सरकली. ती म्हणाली, बाबा, बसते ना, दोन घास खाऊन जाते. एक पाय आत घातला. जिन्यातून सासूबाईंची हाक आली, चाल बेटा. तिनं पाय काढून घेतला.
एकूण सात मिनिटं.
१.१५. आम्ही दोघं जेवलो. टोकांना. मी म्हटलं, श्रीखंड दे. तिनं ताटली सरकवली, ताटली टेबलाच्या मध्यावरच थांबली. कोणीच उठलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.
सकाळी किरीटभाईंचा फोन. वाटलं, कधी जेवायला येऊ म्हणून विचारतायत. म्हणाले, वाघोडियाला पॅकिंगसाठी असंच लांब टेबल हवंय, टेम्पो पाठवतो, आहे तसं द्या. मोहनानंच सुचवलं म्हणे. म्हणाली, बाबांकडे मग मला बसायला जागा होईल.
टेबल न्या म्हटलं, पैसे नकोत. तीन हजार देत होते.