उंबऱ्याच्या आतली पावलं

प्रिय तारामती,

शिवानी आठ दिवस तुझ्याकडे नांदेडला राहून लातूरला परतली, त्याला आज चार दिवस झाले. तुझे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. का, ते लिहिते.

ती आली तशी मी तिचे बूट उलटे केले. पाठीच्या कण्यातल्या जन्मजात फटीमुळे तिला पायाची जाणीव नाही, पंजा उचलत नाही, हे तुला ठाऊकच आहे. बुटांना जोडलेले आधाराचे कॅलिपर घातले की पाऊल सरळ पडतं, तरी उजव्या बुटाचं टोक झिजतंच. यावेळी जाण्याआधी बसवलेले नवे तळ कोरेच होते. रोजच्यासारखे पाय तपासले, तर पट्ट्याचा एकही लाल वळ नाही. म्हणजे तू कॅलिपर घातलेच नाहीस, असं मी धरून चालले. तुझ्या मन्मथच्या लिंगदीक्षेचे फोटो पुन्हा पाहिले. सगळ्यांत पोर बसलेली, परकरानं पाय झाकलेले. तुझ्या सासरच्या अप्पांपुढं, पाहुण्यांपुढं तुला तिची लाज वाटली असणार! तिला खोदून विचारलं तर म्हणते, “मावशी म्हनली, आईला सांगू नको.” मग तर माझी खात्रीच पटली.

आज पिशवीच्या तळाशी दोन खोळी सापडल्या. जुन्या इरकली लुगड्याच्या, बुटावर चढवायच्या. उजवीच्या टोकाला हे एवढं भोक. सोबत पट्ट्यांखाली घालायला बनियनच्या कापडाचे, बिनशिवणीचे लांब मोजे. मग शिवानी एका दमात बोलली, “अप्पा म्हनले, बूट उंबऱ्याबाहेर. मावशीनं बुटाला झबलं घातलं. अप्पा हसले, म्हनले, हाव, हे तर कापड हाय, ये देवघरापर्यंत! आई, मी तिथं लई चालले.” फोटोत सगळेच पंगतीला बसलेत, हेही मला आजच दिसलं.

आईला का सांगायचं नव्हतं, ते कळलं गं. सोवळ्यापायी पाच वर्षं मी तिचे कॅलिपर बुटांसकट उंबऱ्याबाहेर काढून ठेवते आणि घरात ती बुडावर सरकते. डॉक्टर विचारतात, घरात किती वेळ घालते? मी सांगते, दिवसभर. मंगळवारी त्यांना खरं सांगणार आहे. आधी तुला सांगावं म्हणून हे पत्र. सापडल्या तशा आज सकाळीच खोळी चढवून तिला आत घेतलं. चुलीपर्यंत अकरा पावलं होतात. माप पाठव, एका जोडावर भागायचं नाही.

तुझ्यावर आळ घेतलेली, तुझीच
सुकन्याताई