कूलरचं बूड आणि उत्कर्षाचा रुमाल

७ एप्रिल, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. कॉलेज मधेच सोडलं, कारण कॉलेजला माझा वेग झेपला नाही.
निमगाव केतकीहून उत्कर्षाचा फोन. तिनं स्वतःहून केला. आर्किटेक्चरच्या ड्रॉइंगसाठी कॉम्प्युटर जोडायचाय, सुटे पार्ट आलेत, २१ला सबमिशन. तुझ्या मित्राला, दिग्विजयला, बारामतीहून बोलवू का तू जोडशील, म्हणाली. आधी मला विचारलं. यातच सगळं आलं.

८ एप्रिल
जोडला. आमच्या आईची शिस्त, नवी वस्तू पुसून, कुंकू लावूनच वापरायची. मिक्सर असो, नाहीतर ट्रॅक्टर. एकेक पार्ट पुसला. प्रोसेसरवर त्याला गार ठेवायला कूलर बसतो, त्या कूलरच्या बुडाला करडं, चिकट काहीतरी कंपनीनं तसंच ठेवलेलं. ही यांची सफाई! फडकं नव्हतं. उत्कर्षानं वाढदिवसाला दिलेला रुमाल काढला आणि बूड आरशासारखं चकचकीत केलं. तिच्या आईनं कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावलं. चालू झाला. उत्कर्षा हसली.
हा रुमाल कधीच धुणार नाही.

१० एप्रिल
ड्रॉइंग उघडलं की पाच मिनिटांत बंद पडतो म्हणाली. व्होल्टेज. स्टॅबिलायझर घ्यायला लावला.

११ एप्रिल
तरी बंद पडतो. मग दोष विंडोजचा.

१२ एप्रिल
दिग्विजयला फोन केला, सहज. बारामतीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात असतो, म्हणून शहाणा. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे थर्मल पेस्ट हाय का, म्हणाला. मी म्हणालो, धातूवर धातू घट्ट बसलाय, पेस्ट लावायला मी काय पोस्टर चिकटवतोय?
"आरं, डोळ्याला न दिसणारी फट राहती मधी. पेस्ट नसली तर प्रोसेसरची उष्णता कूलरात जायची कशी?"
दुकानदारांचे धंदे. फोन ठेवला.

१५ एप्रिल
सेव्ह होता होता बंद पडला, तीन दिवसांच्या ड्रॉइंगची फाइलच गेली. उत्कर्षा फोनवर रडली. धीर दिला. म्हणालो, दोष उन्हाचा हाय, पहाटे गारव्याला काम कर.
तिनं फोन कट केला. रेंज नसेल.

१७ एप्रिल, दुपारी
तिच्या दारात दिग्विजयची गाडी! त्याचा नंबर तिला मीच दिला होता. दोघांनी मिळून माझा गळा कापला.
आमच्या वरकुट्याहून भर उन्हात गेलेलो, घामाघूम. तो प्रोसेसरवर मुगाएवढी पेस्ट ठेवत होता. म्हणाला, "या कूलरला कंपनीच पेस्ट लावून देती. कुणीतरी पुसलीया."
माझं डोकं सटकलं. म्हणालो, तूच पुसलीस, मला बदनाम करायला. उत्कर्षालाही सोडलं नाही. विश्वास, मैत्री, सगळं बोललो. बोलता बोलता रुमाल काढून कपाळ, गाल, मान खसाखसा पुसली.
दिग्विजयनं खाली मान घातली, खांदे हलत होते. पश्चात्ताप.
उत्कर्षा एवढंच म्हणाली, "युवराज, घरी जा आन् आरशात बघ."
फार खोल बोलली. म्हणजे स्वतःची किंमत ओळख.

संध्याकाळी
आई म्हणाली, "वस्तू पुसायची म्हणले हुते मी. तोंडाला काय फासून आलास?"
आरशात बघितलं. कपाळापासून मानेपर्यंत करडे पट्टे.

२१ एप्रिल
सबमिशन झालं. मला कळवलं नाही, स्टेटसला होतं. खाली दिग्विजयचे आभार.
रुमाल दोनदा धुतला. डाग गेला नाही.