तिसऱ्यांदा विचारलंच नाही

गुरुवार, ६ मार्च

गेले नाही. म्हणजे गेले — हॉटेलच्या आवारापर्यंत! आत व्यापारी मंडळाची पंधरवड्याची न्याहारी, गावातले सगळे दुकानदार, कारखानदार, आणि मी बाहेर गाडीत. चाळीस मिनिटं बसले. मग घरी आले.

दुपारी व्हर्नाचा फोन. तिचं सलून माझ्या घरासमोरच, आणि मंडळाची ती जुनी सभासद. 'हॉटेलच्या खिडकीतून दिसत होतीस हं! आभाळ स्वच्छ, आणि बाई वायपर चालवत बसलीय!'

बियाणं कंपनी नोव्हेंबरात बंद पडली. तिच्या कॅटलॉगात बावीस वर्षं लिहिलं मी, आता त्रेपन्नाव्या वर्षी म्हणे 'नेटवर्किंग' करायचं. इथे मिनेसोटात नोकऱ्या ओळखीतून मिळतात, हे काय मला माहीत नाही? ओळख व्हायला तोंड उघडावं लागतं, तिथेच घोडं पेंड खातं.

आणि नाही मिळाली, तर १ मेला मार्लिस ट्रक घेऊन येणार. माझी थोरली बहीण, ॲरिझोनात असते. 'ये माझ्याकडे राहायला' म्हणून तिने तीनदा विचारलं. दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा — हो! यायचंय कुणाला? पण माणूस तिसऱ्यांदा विचारतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार!

रविवार, ९ मार्च

व्हर्ना आली, अंडी उकडताना वेळ मोजायचं छोटं घड्याळ घेऊन. न्याहारीला प्रत्येकाने उभं राहून तीस सेकंद स्वतःबद्दल चांगलं बोलायचं असतं. त्याची तालीम.

'नमस्कार. मी आर्डिस ल्युंड. मी… बरी आहे.'

'संपलं? अगं, टोमॅटोचं कौतुक पानभर करायचीस!'

टोमॅटोची गोष्ट वेगळी. आपलं कौतुक आपल्याच तोंडाने करायचं, तेही चारचौघांत! आमच्या घरात कुणी केलं असतं तर आईने जेवणावरून उठवलं असतं.

ती गेल्यावर चिडून कॅटलॉगसारखं लिहून पाहिलं: 'आर्डिस. सावलीत वाढणारी जात. थंडी सोसते. उशिरा फुलते, फुललीच तर. माणसं जवळ येताच मान टाकते.' — हे मात्र झकास जमलं!

मंगळवार, ११ मार्च

मार्लिसने माझ्या खोलीला पडदे घेतले. निवडुंगाच्या चित्रांचे.

गुरुवार, २० मार्च

आत गेले! खरोखर!

दारातच नावाची चिठ्ठी दिली. घाईघाईत कोटावर चिकटवली, कोट खुंटीला टांगला आणि आत गेले. खुंटीची ओळख छान झाली असणार.

माझी पाळी आली. तीस सेकंदांचं भाषण सहा सेकंदांत उरकलं. शेजारच्या विमा एजंटाने विचारलं, 'काही म्हणालात का?'

मग मी लिंबाच्या वड्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले, म्हणजे हातांना काम. ताटात शेवटची वडी. शेवटची अख्खी कोण उचलणार? एकीने सुरीने अर्धी केली. दुसरीने तिचीही अर्धी. पाव वडी उरली, तिच्याभोवती आम्ही पाचजणी हसतमुखाने उभ्या. तेवढ्यात एक दांडगा माणूस आला आणि ती उचलून सरळ तोंडात! कुणी काही बोललं नाही. आम्ही बोलतच नाही.

हे तेदेस्को. न्यू जर्सीचे. गेल्या वर्षी हमरस्त्याजवळची जुनी रोपवाटिका विकत घेतली.

'त्या बियांच्या कॅटलॉगात लिहायचात त्या तुम्हीच ना?' वडी चावतच म्हणाले. 'तुमचं वाचून मी भोपळ्याची तीन पाकिटं मागवली होती. आणि मला भोपळा आवडत नाही! मला कॅटलॉग काढायचाय. लिहाल का? कायमची नोकरी.'

जीव असा उडीच मारणार होता. आणि तोंडातून काय निघालं? 'छे छे, कशाला उगाच! माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळेल तुम्हाला.'

'बरं,' ते म्हणाले. आणि गेले.

बरं!

शुक्रवार, २१ मार्च

रात्रभर तो 'बरं' कानात. अहो, पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? साधी कॉफीसुद्धा आम्ही तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतो. पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं संकोचाचं, मग 'आता तुमचा एवढा आग्रहच आहे तर'. एवढंही त्या माणसाला कळू नये? न्यू जर्सीत आया शिकवतात तरी काय!

व्हर्नाला सांगितलं. वाटलं, कपाळावर हात मारेल. तर म्हणे, 'पुन्हा नाही विचारलं? अरेरे.' आणि जमिनीवरचे केस झाडत राहिली. मैत्रीण म्हणायची ही!

मंगळवार, २५ मार्च

तेदेस्कोंच्या रोपवाटिकेत फोन केला. त्यांनी उचलला, मी ठेवला. पुन्हा केला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तेच म्हणाले, 'हं, बोला आता!'

नोकरीचं राहिलं बाजूला. पेटुनियाच्या फुलरोपांचे चार ट्रे मागवले. बाहेर दोन फूट बर्फ!

रविवार, ३० मार्च

मार्लिसने ट्रक ठरवला. तिच्या अंगणात माती नाही, नुसती खडी. म्हणाली, 'खुश आहेस ना गं?' म्हणाले, 'हो, वाईट नाही.'

खूप वाईट आहे. मला जायचं नाहीये. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि इथे लिहून कुणाला कळणार?

गुरुवार, ३ एप्रिल

केलं!

चिठ्ठी या वेळी ब्लाउजला लावली. तीसपैकी आठ सेकंद बोलले, प्रगती आहे. मग सरळ तेदेस्कोंकडे.

'तुमचे पेटुनिया काचघरात मजेत आहेत,' ते म्हणाले.

'मी पेटुनियासाठी नाही आले.' मंडळाचे अध्यक्ष शेजारीच उभे, ऐकतायत. ऐकू देत! 'ती नोकरी मला हवी आहे. माझ्यापेक्षा चांगलं कुणी मिळणार नाही तुम्हाला.'

मी म्हणाले हे! मी!

'सोमवारी सकाळी आठ. येणार?'

जिभेवर 'तुम्हाला त्रास नको' आलं होतं. गिळलं. पहिल्याच विचारण्याला म्हणाले, 'येणार.'

गाडीत बसून रडले. मग मार्लिसला फोन केला — मी येत नाही. ती म्हणाली, 'आणि त्या पडद्यांचं काय करू?' तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. तरी हो म्हणाले नाही.

सोमवार, ७ एप्रिल

पहिला दिवस. दुपारी कॉफी ओतताना तेदेस्को म्हणाले, 'त्या दिवशी मी पुन्हा विचारणारच होतो हो. पण आधल्याच दिवशी केस कापताना व्हर्नाने बजावलं होतं: एकदाच विचारा, ती नाही म्हणेल, मग काहीही झालं तरी पुन्हा विचारू नका. तिला स्वतः मागू दे.'

'आणि मी आलेच नसते तर?'

'मीही तेच विचारलं. म्हणाली, तर मग तिच्या ट्रकात सामान चढवीन आणि रडत बसेन.'

संध्याकाळी व्हर्नाकडे गेले. बशीत एकच वडी होती. तिच्यासमोर बसून अख्खी खाल्ली.