आपाचा खड्डा

२३ फेब्रुवारी, सोमवार. पाचवा रोजा.

सकाळी सकाळी आमच्या अध्यक्षांचा, गंगाधररावांचा फोन. आठ मार्चला महिला दिन, त्यात रविवार, तर आमच्या सोलर बसवणाऱ्यांच्या संघटनेतर्फे माझा सत्कार करायचा म्हणे. शाल, श्रीफळ आणि 'सौरशक्ती' असली कसली तरी पाटी. मी म्हटलं, राव, सात वर्षं सचिव आहे, मीटिंगचा चहासुद्धा मीच सांगते, आता ऐन उन्हाळ्यात शाल कशाला घालता? हसले. खरी बातमी मागून सांगितली. त्याच दिवशी मुंबईचे साहेब येणार आहेत, प्रशिक्षण केंद्राच्या मंजुरीचं पत्र स्टेजवर देणार.

केंद्र! या अल्ला. किती चपला झिजवल्या त्याच्यापायी. नांदेड-लातूरकडची पोरं छपरांवर चढून सोलर बसवून राहिली, एकाला कुणी धड शिकवलेलं नाही. एकमेकांचं बघून करतात. केंद्र झालं की नीट शिकतील. नवऱ्याला, रफिकला सांगितलं तर म्हणतो, "अब तो जरा हस."

हसले. मग दुपारी बालाजीचा फोन. शिरूर अनंतपाळचा बालाजी, आमचा सभासद, गुणी माणूस. रडून राहिला होता. त्याची चुलती सोलरच्या प्लेटा धुवायला छतावर गेली, लोखंडी सांगाड्याला हात लागला आणि करंट बसून जिन्यावरून खाली फेकली गेली. खुबा मोडला, हात भाजला. लातूरला दवाखान्यात आहे.

"करंट आला कुठून?"

"आपा, तेच तर कळून नाही राहिलं."

मलाही कळत नाही. सांगाड्यात करंट उतरला तरी त्यानं तारेनं सरळ जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग कशासाठी असतं मग?

२४ फेब्रु.

शिरूर अनंतपाळला जाऊन आलो. रफिक, मी, बालाजी. छतावर अजून बादली तशीच पडलेली, बाजूला भिजवलेलं फडकं, वाळून कडक झालेलं.

वायर सापडली. प्लेटांकडून इन्व्हर्टरकडे जाते ती, अँगलच्या धारेवर घासून घासून सोललेली. तिथून सगळा सांगाडा करंटात. एवढं होऊ शकतं. कुठंही होऊ शकतं. म्हणून तर खड्डा खणून सहा-सात फुटांचा रॉड जमिनीत उभा पुरायचा असतो.

खाली आलो. भिंतीवरून अर्थिंगची पट्टी उतरली होती, मातीत गेली होती. वर झाकणही होतं छान. रफिकनं झाकण काढलं, रॉड धरून नुसता हलवला. रॉड हातात आला.

हातभर. बाकीचा कापलेला.

रफिक तो तुकडा हातात धरून उभाच. बालाजी खाली मान घालून म्हणाला, "आपा, हातभर खाली काळा पाषाण लागला. पहार उडून राहिली. काकूच म्हणल्या, राहू दे बाबा, हात फोडून घेशील."

त्याच्या कानाखाली वाजवायला हात उचलला होता मी. पण त्याचं तोंड बघितलं आणि हात खाली आला. सख्ख्या चुलतीचं घर.

२५ फेब्रु.

एवढं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

संघटनेच्या ऑफिसात बालाजीची फाईल काढली. म्हटलं, रॉड कापला तर मग वीज कंपनीला खड्ड्याचा फोटो कुठला दाखवला? फोटो होता. खोल खड्डा, मधोमध उभा रॉड, मीठ, कोळसा, सगळं नियमाप्रमाणे. मागं मेंदीचं झाड. निळं पिंप. आणि कडेला एक डावा पाय, अंगठ्याला चिंधी बांधलेली.

ते झाड माझं आहे. पिंप माझं. पाय रफिकचा. आमच्या अंगणात खणताना पहार अंगठ्यावर पडली होती, ती चिंधी मीच बांधली होती.

पाठीमागच्या खुर्चीवर बसले. मग दुसरी फाईल काढली. चाकूरची. मेंदीचं झाड. तिसरी, मुखेडची. नायगाव. अहमदपूर. चिंधीचा पाय, चिंधीचा पाय. मधल्या एक-दोन फाइलींत फोटो आपापले आहेत, खरे आहेत. पण बाकी... मोजायचं सोडून दिलं.

कसं झालं ते आठवलं. मीच पाठवला होता ग्रुपवर. पोरांना कागदपत्रं जमत नव्हती, फाइली परत येत होत्या. धंदा वाढावा, नवी माणसं टिकावीत, म्हणून मी एक नमुना फाईल केली. सगळ्या कागदांचे नमुने, सगळ्या फोटोंचे नमुने. लिहिलं होतं, 'असा फोटो पाहिजे.' त्यांनी तोच लावला. आणि फाइली पटापट पास व्हायला लागल्या, तेव्हा मी काय केलं? पेढे वाटले.

बालाजीला फोन केला. म्हटलं खरं सांग, किती जणांनी? मग म्हणाला, "आपा, सगळ्यांनाच ठाऊक हाय. जिथं दगड लागतो तिथं म्हणतात, लावा आपाचा खड्डा."

आपाचा खड्डा. नावसुद्धा पडलंय. सात वर्षं यांच्यात बसते-उठते, आणि मलाच माहीत नाही.

२६ फेब्रु.

गं.रा. घरी आले. मी बोलावलं होतं. फाइली समोर टाकल्या. बघितल्या, चष्मा काढला, पुसला. त्यांना नवल वाटलं नाही. हे बघून माझं डोकं फिरलं.

"राव, तुम्हाला माहीत होतं?"

"सगळं माहीत नव्हतं. कानावर होतं."

"आणि गप्प बसलात?"

"आपा, दहा वर्षांमागं या दोन जिल्ह्यांत सोलर म्हटलं की लोक हसायचे. आज घराघरावर आहे. कोणामुळं? ह्याच पोरांमुळं. आता फाइली उघडल्या तर सगळ्यांचे परवाने जातील. केंद्र तर गेलंच समजा."

मग बॅगेतून एक कागद काढला. संघटनेच्या लेटरहेडवर, सचिव म्हणून माझी सही पाहिजे. की शिरूरच्या घरी अर्थिंग नियमाप्रमाणे होतं, घरमालकानं परस्पर पंपाची वायर जोडल्यानं अपघात झाला. म्हटलं, राव, ती बाई हात भाजून पडलीय आणि तुम्ही तिच्याच नवऱ्याच्या माथी मारताय? लाज नाही वाटत? कागद तिथंच फाडला. रफिक आतून बाहेर आला, एवढा माझा आवाज चढला होता.

गं.रा. चिडले नाहीत. तुकडे उचलून खिशात घातले. म्हणाले, "बरं. सही नको. पण आठ तारखेपर्यंत दम धरा. पत्र हातात पडू द्या. नऊपासून आपण दोघं मिळून एकेक छत तपासू, शब्द देतो. दहा दिवसांनी काय आकाश कोसळतंय?"

मी हो म्हटलं.

वरची ओळ तीनदा वाचली. खरंच म्हटलं. केंद्र डोळ्यांसमोर आलं आणि म्हटलं.

१ मार्च, रविवार.

लातूर. कौसल्याबाईंना भेटले, बालाजीची चुलती. पायाला वजन लावून ठेवलंय, उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. मला वाटलं शिव्या देतील. चार शिव्या खायच्या तयारीनंच गेले होते.

"बस गं बाई," म्हणाल्या. "मला वाटलं, मागून कुनी तरी दनका दिला. वळून बघते तं जिनाच न्हाई."

मग म्हणतात, चूक माझीच. मी म्हटलं, तुमची कशी?

"चपला खाली काढल्या ना मी. बालाजीनं बसवलं त्या दिशी नारळ फोडला, हळद-कुकू लावलं, म्हनला काकू, सूर्यनारायन आलाय घरावर. मग देवाला आंघोळ घालायची तं चपला घालून कशी घालावी? दर आठ दिवसाला धुते मी. पायात काही घालत न्हाई."

नारळ सगळेच फोडतात. हरेक छतावर बघितलाय मी, प्लेटेच्या कोपऱ्यात कुंकवाचा टिळा. रफिक बिस्मिल्ला म्हणून बटण दाबतो. मला कधी मनात आलं नाही की त्याच्यामुळं बायका चपला काढून, ओल्या पायांनी, ओल्या हातांनी... आणि आठ दिवसाला धुवा हे कुणी सांगितलं? मी. संघटनेचा कागद छापून घरोघर वाटलाय, खाली माझं नाव.

सांगायलाच गेले होते. बाई, तो फोटो माझा आहे. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुजा रोजा असंल. तोंड कसं सुकलंय बघ. घरी जा, वेळेवर सोड." आणि चांगल्या हातानं माझ्या गालाला हात लावला.

नाही सांगितलं. तशीच उठून आले. थू माझ्यावर.

४ मार्च, धुळवड.

गल्लीत पोरांचा दंगा. दार लावून रफिकनं अर्थिंग तपासायचं मशीन आणलं आणि आपला खड्डा मोजला. बरोबर निघाला. एकदम फर्स्ट क्लास. खणायला त्याला दोन दिवस लागले होते, तळहात सोलून निघाले होते. म्हणाला, "मेरे एक गड्डे पे पूरे दो जिल्हे खडे हैं, शाहीन." हसायला गेला, हसू आलं नाही त्याला.

ग्रुपवर टाकायला मेसेज लिहून ठेवलाय. पाठवला नाही. गं.रा.ना शब्द दिलाय.

रफिक विचारतो, शब्द बडा की... एवढंच म्हणून मशीन उचलून आत गेला.

७ मार्च, शनि.

उद्याचं भाषण लिहिलं. फाडलं. परत लिहिलं. बालाजी म्हणतो तो येणार नाही, चुलतीजवळ थांबतो. बरंच आहे.

नऊ तारखेपासून कुठलं छत आधी, यादी केली. जुन्या वायरिंगची घरं वर घेतली. गं.रा. त्यांच्या कामांच्या फाइली स्वतःजवळ ठेवतात, आमच्या कपाटात नसतात. त्यांना मागितल्या. "देतो की, कार्यक्रम होऊ द्या." एक दिवस राहिला. एकच.

८ मार्च, रवि. सकाळ.

हॉल, नांदेड. बाहेर व्हरांड्यात बसून लिहितेय, रफिक गाडी काढून राहिलाय.

साडेनऊला पोचले. आत पाहुण्यांसाठी टेबलावर अल्बम मांडलेले, 'आमची अभिमानाची कामं'. सगळ्यात मोठा गं.रा.चा, किनवटकडच्या मुलींच्या वसतिगृहाचा. चार वर्षांपूर्वीचं काम. हरेक मीटिंगला ते त्याचं सांगतात, जंगलातल्या मुली दिव्याखाली अभ्यास करतात म्हणून. मी सहज चाळला. छत. टाळ्या वाजवणाऱ्या मुली. इन्व्हर्टर. पुढचं पान.

मेंदीचं झाड. चिंधीचा पाय.

अल्बम घेऊन सरळ त्यांच्याकडे गेले. नवा फेटा बांधून घेत होते. "राव, हे काय आहे?"

बघितलं. फेटा बांधणाऱ्याला म्हणाले, जरा बाहेर जा. मग हळू आवाजात, "तिथं खाली नुसता पाषाण, आपा. मजूर पळून गेले. उद्घाटनाची तारीख ठरलेली. म्हटलं, नंतर करू."

"रॉड किती आत आहे?"

फेट्याचं टोक चाचपायला लागले.

"राव, किती?"

"रॉड टाकलाच नाही."

अल्बम मिटला. माझ्या अध्यक्षानं. मुलींच्या वसतिगृहावर. आणि यांच्या शब्दावर मी दहा दिवस तोंड शिवून बसले. म्हणाले, आपा, साहेब स्टेशनवरून निघालेत, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. मी ऐकायला थांबले नाही. रफिकला म्हटलं, मशीन घे, चल.

तोच दिवस. भोकरच्या पुढं.

गाडीत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. हाताला काही तरी काम पाहिजे.

वसतिगृहाचा फोन चौथ्यांदा लागला. अधीक्षिका बाई. मी म्हटलं, बाई, छतावर आज कोणाला जाऊ देऊ नका. तर म्हणतात, "आज रविवार न्हाई का मॅडम, मुली वरच हायेत. दर रविवारी प्लेटा धुतात. तुमचा कागद लावलाय ना भिंतीवर, आठ दिवसाला धुवा म्हणून. लई हौसेनं धुतात."

"वायरी ठीक आहेत का वरच्या?"

"वानरांनी ओढल्या होत्या मागल्या महिन्यात. शिपायानं टेप मारलाय."

ओरडले मी. खाली उतरवा, आत्ता, सगळ्यांना खाली उतरवा, कशाला हात लावू देऊ नका. "काय? हालो? आवाज न्हाई येऊन राहिला मॅडम..." आणि गेला फोन. तिकडं जंगलात रेंज अशीच.

किनवटच्या सभासदाला लावला, म्हटलं पळत जा. तो नांदेडला आहे. आमच्याच कार्यक्रमाला. सगळे तिथंच, माझ्या सत्काराला.

ग्रुपवर मेसेज टाकला शेवटी. चार तारखेला लिहिलेला, तोच. ज्यांनी ज्यांनी माझा फोटो लावला त्यांनी आजच्या आज त्या घरी फोन करावा, प्लेटांना कोणी हात लावू नये. सगळ्यांनी वाचलाय. उत्तर एकाचंही नाही. पाठवायला इतकंच लागत होतं, एक बोट.

रफिक विचारतो, मेन स्विच पाडायला सांगितलं का? मेन पाडून काय होतंय. ऊन आहे तोवर प्लेटा बंद होत नाहीत. त्यालाही माहीत आहे. विचारायचं म्हणून विचारतोय.

सव्वाअकरा. ऊन कडक पडलंय. हिमायतनगर आलं. परत लावते.