सगळ्यात मोठा गिटारवाला

बाबा, तुमची नात गिटार वाजवत नाही, पण गिटारवरून भांडते. नागपूरला कॉलेजात आहे, सुट्टीत भंडाऱ्याला घरी आली की सकाळपासून मोबाइल तोंडाशी धरून अंगणात येरझाऱ्या घालते. तिच्या मित्रमैत्रिणींचा एक ग्रुप आहे आणि त्यांचं भांडण एकच, जगातला सगळ्यात मोठा गिटारवाला कोण. एकाला मेटल वाजवणाराच मोठा वाटतो, दुसऱ्याला ब्लूजवाला. एक मुलगी स्पेनच्या फ्लॅमेंकोवर अडून बसलेली, आणि एक शहाणा म्हणतो की जॅझवाल्यांपुढे हे सगळे बालवाडीतले. मी ओट्याशी वांगी चिरत हे ऐकत होते आणि मला हसू आलं. पोरगी आत आली. "आई, तू काहून हसून राहिली?" मी म्हटलं, तुझे आजोबा दर रविवारी हेच करायचे, नाकाडोंगरीला. तिला ते खरं वाटेना. नाकाडोंगरीत, त्या काळात, गिटारवरून भांडण? तिने तुमचा फोटोही एकच पाहिलाय, हार घातलेला. त्यातला माणूस कुणाशी भांडेल असा दिसत नाही.

तिला सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी कितीतरी वर्षांत तुमच्याबद्दल बोललेच नव्हते. वीज ऑफिसच्या मागचं ते दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे पत्र्याची पडवी. रविवारी जेवणं उरकली की तुम्ही चटई टाकून मांडी घालता, गिटार आडवी मांडीवर घेता. डाव्या हातात स्टीलचा तो गुळगुळीत तुकडा, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. आठवडाभर पोलवर चढून तारा ओढणारे हात, त्यांच्यावर काळे डाग कायमचे बसलेले. थोड्या वेळानं फाटक वाजतं आणि तुमचे दोस्त, आमचे काका, येतात. ते गावातल्या बँकेत कॅशियर, मूळचे कारध्याचे, इथे खोली करून राहणारे. त्यांची गिटार उभी, छातीशी धरायची, आणि पिशवीत नागपूरहून आणलेल्या इंग्रजी कॅसेटी. पडवीत पाय टाकायच्या आधीच त्यांचं सुरू व्हायचं.

"मांडीवर पाट घेऊन पोया लाटून राहिला का गिटार वाजवून राहिला बे?"

"तुह्या गोऱ्याची गिटार करंटवर चालते," तुम्ही मान वर न करता म्हणायचात. "मी पोलवर चढून एक फेज काढली का तुहा सगळ्यात मोठा गिटारवाला मुका होते."

मग दुपारभर तेच. काकांचा देव दूरदेशीचा, केस वाढवलेला, स्टेजवर नाचणारा. त्याची बोटं दिसत नाहीत इतकी पळतात, म्हणून तो मोठा. तुमचा देव मुंबईच्या सिनेमातल्या गाण्यांमागे बसून वाजवणारा कुणीतरी, ज्याचं नाव कॅसेटच्या कागदावरही छापलेलं नसायचं. तुम्ही म्हणायचात, पळायला कुत्रंही पळते, एका सुरावर थांबून दाखव. काका म्हणायचे, ज्याचं नावच तुले माहीत नाही तो मोठा कसा? तुम्ही म्हणायचात, म्हणूनच मोठा. आई आतून लाखोळीच्या डाळीचे वडे पाठवायची आणि माझ्यापाशी निरोप द्यायची, दोघांनाही सांग, शेजारचे झोपलेत. एकदा मी मध्येच बोलले की आज काका जिंकले, कारण ते जास्त जोरात बोलले होते. तुम्ही गिटार बाजूला ठेवलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. "तू आयकलं का त्या दोघा गिटारवाल्यायले? नाही आयकलं, तं निकाल कायले देते?" तुम्ही मला क्वचितच रागावलात, म्हणून ते लक्षात राहिलं. त्या दिवशी काकाही माझ्या बाजूने बोलले नाहीत.

हात कधी हलायला लागला, ते मला नक्की सांगता येत नाही. आधी चहाची बशी वाजायची. मग आईने तुम्हाला कपबशीऐवजी पेल्यात चहा द्यायला सुरुवात केली. मग साहेबांनी तुमचं पोलवर चढणं बंद केलं आणि तुम्हाला ऑफिसात तक्रारी ऐकायला खुर्चीत बसवलं. गावात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कुणी म्हणालं पोलवरचा करंट अंगात राहिला, कुणी लाखोळीच्या डाळीवर बोट ठेवलं, ती खाऊन अंग लुळं पडतं म्हणे, शेजारीण म्हणाली नजर. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात म्हटलं, एवढ्या कमी वयात होत नाही सहसा, असंही म्हटलं, आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही महिने बरं गेलं. मग त्याही कमी पडू लागल्या.

त्या वर्षीच्या गणपतीत, दुपारच्या कार्यक्रमात, तुम्ही दोघं वाजवणार होतात. आईने नको म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, बसूनच तं वाजवायचं हाये. मी मंडपात पुढे बसले होते, मैत्रिणींना सांगितलं होतं, माझे बाबा. तुम्ही सुरुवात केलीत आणि थोड्याच वेळात डाव्या हातातला स्टीलचा तुकडा निसटून फळ्यांवर पडला. माइक समोरच होता, आवाज सगळ्या मंडपात घुमला. काकांनी वाकून तो उचलला, शर्टाला पुसला, तुमच्या हातात दिला. तो पुन्हा पडला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. काकांनी तुकडा पुन्हा उचलला, पण या वेळी तुमच्या हातात न देता स्वतःच्या खिशात टाकला आणि एक नाचाचं गाणं जोरात सुरू केलं. पोरं उठून नाचायला लागली, टाळ्या पडल्या, कार्यक्रम वाचला. तुम्ही गाणं संपेपर्यंत गिटार मांडीवर घेऊन तसेच बसून राहिलात. मी तुमच्याकडे पाहत होते आणि तुम्ही कुणाकडेच पाहत नव्हतात.

पुढच्या रविवारी काका आले ते फाटकातून न ओरडता. तुम्ही वाट पाहत होतात. गिटार काढली नव्हती, पण भांडण तयार ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, तुह्या त्या केसवाल्यानं जन्मात एक सूर नीट धरला नाही. काका चटईकडे बघत म्हणाले, "हो गा, बरोबर हाये तुहं." तुम्ही म्हणालात, सिनेमातल्या त्या माणसासमोर तो काहीच नाही. काका म्हणाले, "हो, तेही बरोबर हाये." मग तुमचा आवाज असा चढला की आई आतून धावत आली. "तू काहून नाही भांडून राहिला? मी मेलो का बे? मी मेलो का?" काका रडायला लागले. मी मोठ्या माणसाला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, जाय घरी. ते गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. आले, पण भांडले नाहीत. गिटार तुम्ही माळ्यावर टाकायला लावलीत. पुढे पावसाळ्यात वाळवी लागली आणि आईने ती चुलीत घातली. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

शेवटचं वर्ष खाटेवरचं. चेहरा घट्ट झालेला, हसू नाही, राग नाही, डोळे तेवढे हलायचे. शब्द आत कुठेतरी अडकून बसायचे. मी बारावीला होते, कॉलेजातून आले की तुम्हाला पेज भरवायचे. काका दर रविवारी यायचे, खाटेजवळ स्टूल घेऊन हळू आवाजात गावातल्या गोष्टी सांगायचे, कुणाचं लग्न, कुणाची बदली. तुम्ही पत्र्याकडे बघत राहायचात. आणि मग एका रविवारी काकांना काय झालं कोण जाणे. ते नेहमीसारखे बसले आणि अचानक मोठ्यानं म्हणाले, "खरं सांगू का? तुही ते गिटार नव्हतीच. तो पाट होता पाट. अन् तुहा तो बिननावाचा माणूस, तो तं भाड्याचा वाजंत्री."

तुमचे डोळे वळले. काका पुढे सरकले. ते बोलतच गेले, एकापेक्षा एक वाईट. बारा वर्षं वाजवून तुले एक गाणं सरळ वाजवता आलं नाही, असंही म्हणाले. तुमच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, खाट हलायला लागली, तोंडातून एक घरघर निघाली. आई हातात उलथनं घेऊनच बाहेर आली.

"भाऊजी, उठा. लाज नाही वाटत का तुमाले?"

"वहिनी, थांबा जरा. तो बोलून राहिला. पाहा ना, बोलून राहिला तो!"

"बोलून नाही राहिले. तडफडून राहिले. निघा माह्या घरातून."

काका फाटकापर्यंत मागे वळून पाहत गेले. तुमचे ओठ अजून हलत होते. मी कान तुमच्या तोंडाशी नेला. तुम्ही म्हणालात, "पानी." मी चमच्याने पाणी दिलं, अर्धं गळ्यावरून ओघळलं. बस, एवढंच झालं त्या दिवशी. त्यानंतर आईने काकांना दारात उभं केलं नाही. रविवारी दुपारी ती आतून कडी लावून घ्यायची. फाटक वाजायचं, थोडा वेळ कुणीतरी उभं असायचं, मग पावलं परत जायची. धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत तुम्ही गेलात. स्मशानात काका लांब झाडाखाली उभे होते, जवळ आले नाहीत. आईने शेवटपर्यंत तो विषय काढू दिला नाही. मरत्या माणसाला छळत होता तो, एवढंच म्हणायची. तीही गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली.

कोण बरोबर होतं, बाबा? मला अजून ठरवता येत नाही. आईने तुमची तडफड पाहिली, ती खोटी नव्हती. आणि काकांनी तुमचे डोळे पाहिले. कितीतरी महिन्यांनी तुम्ही कुणाकडे तरी बघितलं होतंत.

मागच्या महिन्यात, पोरगी सुट्टीत घरीच असताना, कारध्याहून काकांच्या सुनेचा फोन आला. त्यांचं काही खरं नाही, माझी आठवण काढतात म्हणाली. मी पोरीला घेऊन नदीच्या पुलावरून पलीकडे कारध्याला गेले. काका नदीकडच्या खोलीत पडून होते, इतके बारीक की चादरीखाली माणूस आहे हे कळायला वेळ लागला. एका कानाने ऐकू येत नव्हतं. त्यांनी मला ओळखलं आणि बसू न देताच विचारलं, "त्या दिवशी तू जवळ होती. तो काय म्हनला होता?"

कुठला दिवस, हे विचारायची गरज नव्हती. इतकी वर्षं त्यांनी तो प्रश्न कुणाला विचारला नसेल, कारण विचारायला मी एकटीच होते आणि आमचं दार बंद होतं. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकले. म्हटलं, "बाबा म्हणाले, खोटं बोलते हा."

काकांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. "मंग!" ते म्हणाले. "मी तुह्या आईले सांगून राहिलो होतो ना, तो बोलून राहिला म्हणून." मग ते तुमच्याशी बोलायला लागले, बाबा, माझ्याशी नाही. म्हणाले, खोटं तं खोटं, पन उठून बसला असता तू आणखी दोन रविवारात. पोरीकडे वळून विचारलं, तू कोनाले मोठं मानते? तिने मोबाइलवर तिचा कुणीतरी लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी नीट ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. "हात साफ हाये," ते म्हणाले. "पन हिच्या आजोबाचा हात वेगळाच होता." मग मला म्हणाले, "तुले आठवते ना त्याचा हात?"

मी म्हटलं, आठवतो ना काका.

परत येताना पुलावर पोरीने विचारलं, आजोबा खरंच तसं म्हणाले होते? मी हो म्हटलं. त्यानंतर आठवड्याभरात काका गेले. मी तेराव्याला गेले होते, त्यांच्या सुनेने मला पाहुण्यांत नाही, घरच्यांत बसवलं.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण एकच आहे आणि ते मी इतका वेळ टाळत आले. मला तुमची चटई आठवते, नख्या आठवतात, बोटांवरचे डाग, पत्र्याची पडवी, तुम्ही काकांना दिलेलं एकेक उत्तर शब्दासकट आठवतं. तुकडा फळीवर पडला तो आवाज तर अजून कानात आहे. पण तुम्ही वाजवलेलं काही आठवत नाही. एक ओळसुद्धा नाही, बाबा. तिकडून आल्यापासून रोज दुपारी डोळे मिटून बसते. तुम्ही मांडी घालता, गिटार आडवी घेता, डावा हात तारांवर ठेवता, आणि त्यापुढे काही नाही. कॅसेट कुणी भरली नव्हती. ज्यांना आठवत होतं ते काका होते, आणि त्यांना मी खोटं सांगून आले.