योसेफाचा शेला

अर्विंग, टेक्सस
४ मार्च १९८५

एकनाथकाकांना डॅनियलचा शालोम आणि नमस्कार,

गुडघे कसे आहेत? इथे सगळं ठीक. फक्त एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. चंद्रावरच्या माणसाशी ज्या राज्यातून गप्पा मारल्या, त्या राज्यात जाडे पोहे मिळत नाहीत. इंडियन दुकानातल्या भाईंनी पातळ पोह्यांचं पाकीट पुढे केलं. "सेम थिंग," म्हणाले. मी मोठ्याने भांडलो. शेवटी तुमच्या सूनबाईने, फ्लोराने, मला गाडीत नेऊन बसवलं.

पोहे मलिद्याला हवे होते. गूळ-खोबऱ्याचे ते पोहे तुम्ही आमच्या आजीकडे पुष्कळ खाल्लेत. ऑपरेशनआधी पपांनी आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोलला होता: पायांवर उभा राहिलो तर मलिदा करीन. उभे राहिले. स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले, फ्लोराच्या चहाला नावं ठेवली. म्हणजे नवस फेडणं आलं. त्यांच्या हातून ते राहिलं.

रॅफेल पत्र का लिहीत नाही, असं तुम्ही दोनदा विचारलंत. मी हवापाण्याची कार्डं पाठवत राहिलो. काका, पपा गेल्या महिन्यात गेले. झोपेतच.

आमच्यात मयत ठेवत नाहीत. बापासाठी मुलाने कद्दिशची प्रार्थना म्हणायची, त्याला ज्यू पुरुष दहा लागतात. मी इथल्या सिनेगॉगला फोन केला.

"इंडियन ज्यू? तुमच्या घराण्याने धर्म कधी बदलला?"

"बदलायचा राहूनच गेला," मी म्हटलं.

तरी दफनभूमीत सहा जण आले, रब्बी धरून. माझ्यासकट सात. इथल्या मराठी मंडळातले डॉक्टर उल्हास, गुरुदत्त आणि विवेक आले होते, डोक्याला रुमाल बांधून. त्यांच्यासोबतच्या रेखावहिनींनी फ्लोराला हळूच विचारलं, "उपास धरायचा का गं?" रब्बींनी विचारलं, "हे तिघं ज्यू?"

"नाही. मराठी."

"मग मोजता येणार नाहीत." माणूस सज्जन. फार वाईट वाटून म्हणाला.

कद्दिश राहिला. मला काहीच वाटलं नाही. मी फावड्याच्या दांड्यावरचं लेबल वाचत उभा होतो.

मग तुमचं नाटक आठवलं. छत्तीस साली, जेकब सर्कलजवळच्या आमच्या तरुण मंडळात. आपण आधी ज्यू की आधी मराठी, यावर तिथे दर रविवारी वाद व्हायचा आणि चहा आला की तहकूब व्हायचा, असं पपा सांगायचे. योसेफाच्या नाटकाला दहा भाऊ हवे होते आणि मंडळात उभी राहणारी पोरं चारच. पपांनी गिरणीच्या साचेखात्यातून तुम्हा सहा जणांना पकडून आणलं. वडीलधारे खवळले: योसेफाच्या भावाचं, यहूदाचं काम एका मराठा पोराला? तेव्हा पपा म्हणाले होते, "गोष्टीत स्वतःचे भाऊच योसेफाला ओळखत नाहीत. मग कुणीही चालेल की!"

काल मलिदा केला, पातळ पोह्यांचाच. लापशी झाली. इथल्या मंडळाची सगळी माणसं आली होती. वाटायच्या आधी मी उभा राहून कद्दिश म्हटला. किती पुरुष आहेत ते मोजलं नाही. उल्हासने "आमेन" चुकीच्या जागी म्हटलं, मग सगळ्यांनीच तिथे म्हटलं. रडू तेव्हाही आलं नाही. दातात अडकलेलं खोबरं काढत बसलो.

आणखी एक. योसेफाच्या झग्यासाठी पपांनी तुमच्या आईंचा शेला आणला होता. जन्मभर तुम्ही दर पत्राखाली, आम्हा ज्यूंना गावाकडे म्हणतात त्या नावाने, लिहीत आलात, "शनवारतेल्या, शेला कधी देतोस?" आणि ते दर वेळी उत्तर द्यायचे, "नाटक संपलं की."

शेला त्यांच्या बॅगेत तळाशी होता. काठाला तोंडाचा रंग लागलाय, तो धुतलेला नाही. आज पोस्टात जाऊन तुमच्या पत्त्यावर पाठवला.

तुमच्या योसेफाचा मुलगा,
डॅनियल