वॉर्डासाठी बाई पाहिजे

ति. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतोस, की नुसता त्यांचा कागद भिंतीला चिकटवून ठेवला आहेस?

बायकांना निवडणुकीला उभं करण्याचं आमचं मंडळ (सभासद सात, मतं नऊ) वाचनालयामागच्या खोलीत भरतं, हे तुला माहीत आहेच. यंदा वॉर्डात एक तरी बाई उभी करायचीच, असं ठरलं आणि शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. त्यांनी आमचं पत्रक लाल शाईनं तपासून परत दिलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आणि खाली शेरा, 'आशय बरा'. मग शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेले. त्या 'घरात विचारून येते' म्हणून आत गेल्या आणि थोड्या वेळानं त्यांचे यजमान कोट घालून बाहेर आले. 'अर्ज भरायला किती वाजता निघायचं?' मी म्हटलं, उमेदवार बाई हवी आहे. तर म्हणाले, 'सही तीच करेल हो, बाकीचं मी बघतो.' (कोट मात्र झकास होता. बाईंनीच शिवलेला.)

शेवटी आशा सोडून आम्ही दवाखान्याच्या जिन्याला कठडा मागायची सभा घेतली. नगरपालिकेचे इंजिनियरसाहेब आले आणि अर्धा तास फाईलविषयी बोलले. तेवढ्यात मागे खुर्च्या मांडणारी एक बाई म्हणाली, 'साहेब, फाईल राहू द्या. जिना पाहिलाय का?' पाहिला नव्हता. तिनं त्यांना तिथल्या तिथे नेलं, एका हातात पायरीशी थांबलेल्या एका आजारी आजींचा हात दिला, दुसऱ्या हातात आजींची पिशवी, आणि म्हणाली, 'चढा.' सोमवारी कठडा बसला!

आम्ही सगळ्या तिच्याकडे बघायला लागलो. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, 'हरले तर लोक हसतील का गं?' मी म्हटलं, 'हसतील.' 'खोटं बोलली असतीस तर उठून गेले असते,' म्हणाली आणि पेन मागितलं.

आईची तब्येत ठीक. मुलं मजेत.

तुझी,
धाकटी

ता. क. ती बाई म्हणजे माझी वहिनी, अर्थात तुझी बायको. अर्ज काल भरला. तेव्हा हे पत्र परवानगीसाठी नाही, तू तीन आठवड्यांची रजा काढून घरी यावंस म्हणून आहे. आईची औषधं, मुलांचा अभ्यास आणि दोन वेळचा स्वयंपाक तुझ्याकडे.

आणखी एक. भाषण लिहून आणू नकोस, ती स्वतःचं स्वतः बोलते. पलीकडच्या वॉर्डातल्या नगरसेविकाबाईंच्या यजमानांचा फोन नंबर मागे लिहिला आहे. पाच वर्षांत त्यांचा स्वयंपाकात हात छान बसलाय. कांदा बारीक कसा चिरायचा, ते न हसता सांगतात.